रशियन साहेबाचं मशीन

मायदेशी परतताना एका रशियन इंजिनिअरनं मला आपला बंद पडलेला व्हॅक्यूम क्लीनर दिला. "कबाड है, फेक दे," सोबतचे म्हणाले. पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनच्या मोटारी दुरुस्त करणारा मी. ही टीचभर मोटार मला हरवणार? आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे पार झिजले होते. तसले बाजारात मिळेनात, म्हणून क्रेनचे टाकून दिलेले कार्बन कानशीनं घासत बसलो. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा मोटार गरजली.

"कर आता सफाई," मी बायकोला ऐटीत म्हणालो.

तिनं नळी काढून मागच्या, हवा फेकणाऱ्या तोंडाला लावली आणि झोत कोळशाच्या शेगडीवर धरला. निखारे फुलले.

"तुमच्या भट्टीले मशीन हवा देते," ती म्हणाली. "माही भट्टी मी पाच वर्सं तोंडानं फुकून राहिली."