सुमंगलेची हनुवटी

धारगळच्या शिवणकामवाल्या सुमंगलेचं डिचोलीच्या एका बसड्रायव्हरशी जमलंय, अशी कुजबुज एकदा गावभर झाली. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर ती घरोघर टाकायचा, पावाबरोबर फुकट. रोज अकराला पेडण्याची बस फणसाखाली वेळ काढत थांबते, सुमंगला जनेलात, म्हणजे खिडकीत, येऊन मान हलवते, आणि ड्रायव्हरही हलवतो. आणखी पुरावा कसला पाहिजे?

सुमंगला अठ्ठेचाळीसची, बिनलग्नाची, भावाच्या घरात राहणारी. तीस वर्षं मशीनवर वाकून अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवलेले. आता मान दगड झालेली, उजव्या बोटांना मुंग्या. म्हापशाच्या फिजिओथेरपीवाल्या जानकी डॉक्टरणीने शेक दिला, मान ताणली आणि बजावलं, "तासातासाला हनुवटी दहा वेळा सरळ मागे ओढायची, पाच मोजायचे, सोडायची. चुकवलंस तर मशीन विसर."

मशीन विसरून भावाच्या घरी कुठल्या तोंडाने जेवायचं? म्हणून घड्याळाचे ठोके पडले की ती जनेलाशी उभी राहायची, थकून डोळे मिटून. लोकांना लांबून मान तेवढी दिसली, मिटलेले डोळे दिसले नाहीत.

एक दिवस वहिनी कमलाक्षीने जनेल धाडकन लावलं.

"वन्सं, ह्या वयात हे चाळे शोभतत?"

"खयचे चाळे?"

"अकराच्या बसचे!"

सुमंगलेला हसायचंही त्राण नव्हतं, हसलं की मान दुखायची. त्यानंतर वहिनीचा पहारा बसला. हनुवटी जरा हलली की ती खाकरायची. व्यायाम बंद पडला. नवव्या दिवशी कापड बेतताना हातातली कात्री गळून पडली.

ती उठली आणि मान धरून, पाय ओढत फणसाखाली गेली. बस उभी होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"ओ ड्रायव्हर, माझ्याकडे बघून मान कित्याक हलयतात?"

शंभू ड्रायव्हरने वीस वर्षं खनिजाचे ट्रक हाकलेले, खाणी बंद पडल्यावर बसवर आलेला. त्याने मिटलेला एक डोळा कसाबसा उघडला.

"बाये, मी खंय बघतंय तुझ्याकडे? मोजूक दी गो. सातावर आसंय."

बसमध्ये कोणी हसलं नाही. पोदेराला दुसऱ्या दिवशी पावच तेवढे टाकावे लागले, आणि जनेल उघडं राहिलं.

दोघांचीही मान दुखत होती. दोघंही जानकी डॉक्टरणीकडे जात होती, ती मंगळवारी, तो गुरुवारी.