भिंतीला विचारणारा

काम सुरू करण्याआधी तो बोटांच्या पेरांनी भिंतीवर तीनदा ठोकायचा आणि कान लावायचा. घाई केली तर म्हणायचा, "स्वल्प थांबा काका, भिंतीला विचारतो."

इंटरनेट कंपनीचा असा माणूस तुमच्याही इमारतीत येऊन गेला असेल. खांद्यावर शिडी, कानामागे पेन्सिल, वय पंचेचाळीसच्या आसपास. आमच्या म्हैसुरात घराबाहेर सगळं कन्नडच. पण बायको माझ्यावर मराठीत ओरडली, तेव्हा तो शिडीवरून हसला. "आपल्यातलेच की तुम्ही." माझे पूर्वज रंगारी, हे त्याने लगेच काढून घेतलं. "तुमचे आजे कापडं रंगवत होते, आमचे घोड्यावर होते. आणि मी बघा, शिडीवर."

बायकोला फार कमी ऐकू येतं. परदेशातल्या मुलीशी ती ओठ पाहून बोलते. कंपनीने दिलेला राऊटर दाराजवळ चपलांच्या कपाटात होता. मुलीचा चेहरा फोनवर थिजायचा आणि हिला काहीच कळायचं नाही. मी त्याच्या मागे लागलो.

"हा डबा काही कामाचा नाही, काका. चांगला राऊटर तुम्हीच आणा, घराच्या मधोमध ठेवू. पण बाहेरून आणलेल्या मशिनला हात लावायचा आम्हाला हुकूम नाही."

मी गळ घातली. तो सुट्टीच्या दिवशी आला. हॉलची भिंत ठोकून पाहिली, पेन्सिलने फुली मारली, कपाटातून वायर आणली आणि फुलीखाली स्टुलावर नवा राऊटर बसवला. "आयतु, झालं. आता हा हलवू नका." त्या संध्याकाळी बायको मुलीचे ओठ पाहत तासभर बोलली. त्याने फक्त कॉफी घेतली होती.

दसऱ्यात आमच्याकडे बाहुल्या मांडतात. पायऱ्यांसाठी मी दोन पत्र्याच्या ट्रंका आणि तांदळाचे डबे त्याच भिंतीपुढे रचले, वर पांढरं धोतर अंथरलं. राऊटर मागे राहिला. हलवला तर नव्हताच, म्हणून माझ्या मनात काही आलं नाही. मुलीचा चेहरा पुन्हा थिजला. तिसऱ्या दिवशी मी चिडून तक्रार केली.

कंपनीचे एक साहेब आले. कपाटातली जादा वायर दिसली, त्यापुढे त्यांनी पाहिलंच नाही. "हे कोणी केलं?"

"तुमच्याच माणसाने," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढे केला. ग्राहकाने सांगितलं नसताना कर्मचाऱ्याने हे केलं, असं त्यावर होतं. मी चष्मा लावून ते वाचलं आणि सही केली.

दसरा झाला, ट्रंका माळ्यावर गेल्या आणि त्याच संध्याकाळी मुलगी स्वच्छ दिसू लागली. बायकोने फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कंपनीत फोन करा."

"करतो," म्हणालो. केला नाही. ट्रंकांचं सांगितलं असतं तर सहीचंही सांगावं लागलं असतं.

आठवड्याने तो आला. चपला काढल्या नाहीत. "मला काढलं, काका. दोन ओळी लिहून द्या. तुम्ही सांगितलं म्हणून मी केलं, एवढंच. बाकी मी बघतो."

"आज हात दुखतोय रे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी दारालगतच्या खोलीत, जिन्याकडच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिलो. घरी नाही म्हण, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. तिला खोटं बोलता येत नाही. तिची नजर माझ्या खोलीकडे गेली असावी. तो म्हणाला, "बरं काकू. भिंतीला विचारतो."

माझ्या पाठीशी तीन ठोके पडले. मग पावलं जिन्याने उतरली.

पुढे तो बेळगोळकडे एका लहान केबलवाल्याकडे लागला. तिथे ना कमरेला पट्टा, ना डोक्याला टोपी. खांबावरून पडला. आमच्या वॉचमनने मला सांगितलं तेव्हा तेराव्याचा दिवसही उलटून गेला होता.

त्या दोन ओळी मी तेव्हा लिहिल्या, कन्नडमध्ये. कृष्णराजनगरला त्याच्या बायकोच्या माहेरी घेऊन गेलो. तिने उभ्यानेच वाचल्या, कागदाची घडी केली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे आता कोणाला दाखवू?"

म्हणून तुम्हाला दाखवतो आहे. राऊटर मी बदलायला लावला. आड ट्रंका मी लावल्या. सही माझी आहे.

मुलगी रोज सहा वाजता फोनवर येते, स्वच्छ दिसते. आईशी बोलून झालं की विचारते, "बाबा कुठे आहेत?" मी दारालगतच्या खोलीत असतो, त्याच भिंतीला पाठ लावून.