अडकलेला ३६.५

पेटीचा हीटर बंद करून वीस मिनिटं झाली होती. आत हात घातला तर गार. स्क्रीनवर तापमान मात्र ३६.५, जराही न हललेलं. ही पेटी नवजात बाळांना ऊब देण्यासाठी होती आणि सोमवारी हॉस्पिटलात ट्रायलला जाणार होती.

"सेन्सरचा कोड वानखेड्यांचा ना?" आमचे मॅनेजर देवधर म्हणाले. "चार वाजता त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवतोय. तुमच्या मेलवरूनच."

दोष सेन्सरच्या कोडमध्ये आहे, असं मीच लिहिलं होतं. माझ्याकडे स्क्रीनचा कोड, आणि स्क्रीन तर उत्तम चालत होती.

वानखेडे अमरावतीचे, धायरीत भाड्याने राहणारे, दोन मुलींचे वडील. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, सेन्सरचा पोर्ट मध्येच बंद होतोय, पण मी बंदच नाही करत. दुसरं कोणीतरी करतंय."

"कोण? भूत?" मी म्हणाले. आज लाज वाटते.

तरी ट्रेस लावला. प्रोग्रॅम लिनक्सकडे काय काय मागतो, ते त्यात ओळीने छापलं जातं. लिनक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक गोष्टीला, मग ती मेमरी असो की सेन्सरचे आकडे आत येतात तो पोर्ट, एक नंबर मिळतो. तो फाइल डिस्क्रिप्टर. दवाखान्यातल्या टोकनसारखा, मोकळा झाला की पुढच्याला तोच. माझा कोड मेमरीत चित्र काढायचा आणि त्या मेमरीचा नंबर एका लायब्ररीमार्फत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमार्फत, डिस्प्ले सर्व्हरकडे, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवायचा.

साडेतीनला तीन ओळी सापडल्या. लायब्ररीने ११ नंबर पाठवून स्वतःच बंद केला. त्याच क्षणी प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सेन्सरची तार, जोडला गेला, वानखेड्यांच्या कोडने पोर्ट उघडला आणि त्याला मोकळा ११ मिळाला. मग कोणीतरी पुन्हा ११ बंद केला, आणि त्याबरोबर सेन्सरचा पोर्टच बंद झाला.

११ पुन्हा बंद करणारी ती ओळ माझ्या कोडमधली होती. उघडलं ते बंद करायचं, ही माझी जुनी शिस्त. पाठवल्यावर लायब्ररीच बंद करते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये होतं. मी वाचलं नव्हतं. सेन्सरचं वाचन थांबल्यावर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहणं, तेही माझ्याच कोडचं काम.

ती ओळ गुपचूप काढून टाकावी, असं मनात आलं. मग ट्रेस छापून घेतला.

देवधरांच्या केबिनमध्ये वानखेडे आधीच बसले होते, समोर कॉन्ट्रॅक्ट संपवण्याचा कागद.

"सर, दोष माझा आहे."

देवधरांनी चष्मा काढला. "नक्की? की दया आली?"

मी ट्रेस पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. "मग हा कागद आता कोणाला देऊ?"

ओळ काढली. वाचन थांबलं की आकडा पुसून अलार्म वाजेल, अशी सोय केली. वानखेड्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. "मॅडम, तशीच मेल आता परत लिहा. सगळ्यांना," वानखेडे म्हणाले.

पहिल्या मेलला पाच मिनिटं लागली होती. हिला दीड तास लागला. दोष शोधायला आपल्या कोडपासून सुरुवात करावी; म्हणजे असल्या मेल लिहाव्या लागत नाहीत.