सेंदाईचं नीरक्षीर प्रकरण

तमाम मराठी जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, हंस दुधातून पाणी वेगळं करतो की नाही, हा शेकडो वर्षं लोंबकळत पडलेला प्रश्न यंदाच्या हिवाळ्यात जपानात, सेंदाईच्या उत्तरेला, एका बर्फाळ भातशेताच्या बांधावर सुनावणीस घेण्यात आला. वादी, प्रतिवादी, पंच आणि असंख्य हंस जातीनं हजर होते. पंच मी होतो. माझा हेवा वाटत असेल तर जरा थांबा.

वादी म्हणजे माझ्या सासूबाई, प्रतिवादी म्हणजे माझे सासरे. दोघं पुण्याहून आमच्याकडे सेंदाईला आले होते. लोकांचे आईवडील जपानला चेरीची फुलं बघायला येतात. सासूबाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, “फुलं आमच्या गच्चीतही येतात. आम्हाला बर्फ दाखवा.” म्हणून जानेवारी.

आणि बर्फानंही पाहुण्यांची लाज राखली. ते आले त्याच्या दुसऱ्या सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर चांगला वीतभर थर बसला होता. सासूबाई बाहेर आल्या त्या थाटात: साडीच्या आत माझी जुनी ट्रॅक पँट, वर बायकोचा गुडघ्यापर्यंतचा कोट, डोक्यावर माकडटोपी आणि हातात वाटी. कठड्यावरचा बर्फ वाटीत भरला, दाबून बसवला, त्यावर पुण्याहून आणलेलं कोकमाचं आगळ ओतलं, साखर भुरभुरवली आणि उभ्यानंच खायला सुरुवात केली.

“अगं, घसा बसेल!” सासरे आतून ओरडले.

“बसू दे. तुम्हाला बरंच वाटेल.”

पाच मिनिटांनी सासरे दुसरी वाटी मागत होते. आमची चौथीतली मुलगी शाळेला निघता निघता दोन चमचे मारून “ओईशी!” म्हणजे ‘मस्त!’ म्हणत जिना उतरली. समोरच्या इमारतीतली एक आजी आपल्या बाल्कनीतला बर्फ फावड्यानं लोटत होती. आम्ही आमचा खातो आहोत हे पाहून तिचं फावडं हवेतच राहिलं. मी अदबीनं वाकून नमस्कार केला. ओठ कोकमानं लालभडक झालेला माणूस अदबीनं वाकला की कसा दिसतो, ते तिलाच ठाऊक.

प्रकरण पेटलं ते त्याच संध्याकाळी. मुलगी शाळेतून बातमी घेऊन आली की सायबेरियातून हंस आले आहेत, गाडीनं तासाभरावरच्या तळ्यावर. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

“खरे हंस?”

“रियल, आजी. खूप!”

“मी आजवर हंस बघितलाय तो कॅलेंडरवर. सरस्वतीच्या पायाशी. यांनी एकदा हंस दाखवतो म्हणून भिगवणला नेलं आणि फ्लेमिंगो दाखवले.”

“मान लांबच होती त्यांची,” सासरे म्हणाले.

“मान उंटाचीही लांब असते. मला तो हंस बघायचाय जो दुधातलं दूध पितो आणि पाणी ठेवतो.”

सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. असलं काही कानावर पडलं की त्यांच्या हातात आपोआप अदृश्य खडू येतो. “थोतांड! चोच म्हणजे काय गाळणी आहे? आणि गाळूनसुद्धा दूध-पाणी वेगळं होत नाही. होत असतं तर आपला गवळी कधीच तुरुंगात गेला असता.”

“होतं.”

“नाही होत.”

“लावा पैज.”

पैजेचा मसुदा जेवणाच्या टेबलावर तयार झाला. हंसानं नुसतं दूध प्यायलं तर पुण्याला परतल्यावर सकाळचा चहा सासऱ्यांनी करायचा, रोज, तहहयात. मिश्रण सगळंच प्यायलं तर सासूबाई त्यांना रोज सकाळी पाजतात तो कारल्याचा रस कायमचा बंद. हे ऐकताच सासऱ्यांचे डोळे असे चमकले की मला विज्ञानावरच्या त्यांच्या निष्ठेबद्दल शंका आली. उरलेलं दूध आहे की पाणी हे कोण ठरवणार? “जावईबापू,” दोघं एका सुरात म्हणाले. कसं ठरवणार? “चाखून.”

“बाबा, हंसाचं उष्टं?” मी म्हणालो.

“पंचाला उष्ट्या-खरकट्याचं काय? न्याय म्हणजे न्याय.”

बायको हसून हसून टेबलावर आडवी झाली. पण रात्री पांघरुणं घालताना ती मला हळूच म्हणाली, “आईला काय हवंय माहितीय का? अंथरुणात बसायचं, पायांवर गोधडी घ्यायची आणि कुणीतरी हातात चहा आणून द्यायचा. एवढंच. लग्न झाल्यापासून घरात सगळ्यांत आधी तीच उठते. बाबांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं तेही ठाऊक नाही.” मी विचारलं, मग सरळ सांगत का नाहीत? “सांगितलं तर ते करतील रे. दोन दिवस. आईला ते हरून करायला हवेत.”

तेव्हापासून पंच फितूर झाला. पण चाखून खोटं सांगण्याइतका नाही. सासरे माझ्यानंतर स्वतःही चाखणार होते.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. वाटेत कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेतलं. सासऱ्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून मेजरिंग कपानं अर्धं दूध, अर्धं पाणी मोजून कडीच्या डब्यात भरलं. त्या डब्यातून पुण्याहून बेसनाचे लाडू आले होते, म्हणून तो दोनदा विसळून घेतला, “तुपाचा अंश राहिला तर निष्कर्ष चुकेल.” सासूबाई मागच्या सीटवरून बचावाची तयारी करत होत्या.

“हे हंस सायबेरियाचे. त्यांनी जन्मात गाय बघितली नसेल. आपला मानससरोवराचा हंस वेगळा.”

“आत्ताच माघार?”

“माघार कसली? नोंदवून ठेवते नुसतं.”

तळं आलं. चहूकडे पांढरं. शेतं पांढरी, आभाळ पांढरं, आणि मधल्या काळ्याशार पाण्यावर शेकडो हंस. काठावर भल्यामोठ्या लेन्सा लावून जपानी आजीआजोबांची रांग उभी, कुणी श्वासाचाही आवाज करत नाही. सासूबाईंनी हात जोडले. नेमका त्याच क्षणी एक हंस ओरडला. थेट घाटात वळण घेणाऱ्या एसटीचा हॉर्न!

“अगं बाई,” सासूबाई हात जोडलेलेच ठेवून म्हणाल्या, “हा असा बोलतो?” मग बारकाईनं बघत, “आणि चोच पिवळी? कॅलेंडरवर तर केशरी असते.”

“कॅलेंडर छापणाऱ्याला फ्लेमिंगो दाखवले असतील,” सासरे म्हणाले.

एवढ्यात एक थवा उडाला. हंस उडतो म्हणजे आधी पळतो. पाण्यावर फटाफटा पाय मारत, मान पुढे काढून, स्टँडवरून सुटलेली गाडी पकडायला धावणाऱ्या माणसासारखा. आता पडतो की काय असं वाटेपर्यंत पळतो आणि मग अचानक आमच्या डोक्यावर, इतका खाली, की पंखांचा सूं सूं आवाज कानाला लागतो. सासूबाई टाळ्या पिटायला लागल्या. हातमोज्यांमुळे टाळीचा आवाज होईना, म्हणून त्या जागच्या जागी उड्या मारायला लागल्या. लेन्सवाल्या आजींपैकी एक त्यांच्याकडे बघून हसली आणि तिनंही एक छोटीशी उडी मारली. मग मीही मारली. पंचानं निःपक्ष राहावं, पण इतकं कोण राहतं?

सासऱ्यांनी डबा काढला, ताटली काढली, चष्मा पुसला. आणि आमच्या कन्येनं हात आडवा केला.

“दामे, आजोबा!”

“काय झालं?”

“नाही चालत. बघा ना!” तिनं पाटी दाखवली. पाटीवर हंसाचं चित्र, शेजारी पावाचा तुकडा, आणि त्यावर लाल फुली. “खायला द्यायचं नाही. हंस आजारी पडतात.”

“दूध म्हणजे खाणं नव्हे, पेय आहे,” सासऱ्यांनी वकिली सुरू केली.

“दामे.”

इथल्या शाळेत वाढलेल्या पोरीपुढे आजोबा काय टिकणार? शिवाय सासरे स्वतः नियमाचे पक्के. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. खटला स्थगित. मला चाखावं लागणार नाही या आनंदात मी शीळ घालणार होतो, तेवढ्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं. त्या हंसांकडेच बघत होत्या, पण उड्या थांबल्या होत्या.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “चहा काय, मी करतेच आहे.”

आता त्या दुधाचं करायचं काय? ओतून द्यायचं म्हटलं तर कन्या पुन्हा दामे. तळ्यात नाही, गटारात नाही. आणलेली वस्तू घरी न्यायची. तेव्हा सासरे डबा हातात धरून, आम्ही त्यांच्यामागे, अशी पराभूत वरात शेताच्या बांधावरून गाडीकडे निघाली. तळ्यावरून उडालेले हंस याच शेतांत उतरले होते. बर्फात चोची खुपसून, कापणीनंतर पडून राहिलेले भाताचे दाणे शोधत होते.

“भात खातात?” सासूबाई म्हणाल्या. “मोती नाहीत?”

“मोती!” सासरे हसत मागे वळले, आणि बर्फावर मागे वळून हसायचं नसतं. दोन्ही पाय पुढे गेले. डबा वर गेला. सासरे बांधाखाली मऊ बर्फात पाठीवर, आणि दूध त्यांच्या शेजारी सांडून बर्फात शिरलं. पांढऱ्यात पांढरं. दूध कुठलं आणि बर्फ कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“बाबा, लागलं का?” बायको किंचाळली.

“नाही, नाही. गादी आहे. झकास आहे.”

आम्ही बांधावरून उतरणार तोच एक हंस डुलत डुलत तिकडे आला. आम्ही थिजलो. जवळून तो केवढा मोठा दिसतो! त्यानं आजोबांकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं, आणि सांडलेल्या जागी बर्फात चोच घातली. “दामे! दामे!” कन्येनं आता हंसाला बजावलं, पण त्यानं इथली शाळा केलेली नव्हती. चोच खुपसून त्यानं चपचप चपचप केलं, मान उंचावली, पिवळ्या चोचीवरून पांढरा थेंब ओघळला. पुन्हा खाली. पुन्हा वर. मग समाधानानं शेपूट हलवून तो निघून गेला. मागे उरला खळगा, आणि खळग्यात स्वच्छ बर्फ. म्हणजे गोठलेलं पाणी.

सासूबाईंनी माझी बाही घट्ट पकडली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. बोलायचं तर प्रतिवादीनं. आणि मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना “आधी नीट तपासा, मग बोला” असं बजावत आलेले माझे सासरे, बर्फात उताणे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, त्या खळग्यापासून हातभर अंतरावर, काठावरच्या सगळ्या लेन्सा आमच्याकडे वळतील एवढ्या मोठ्यानं ओरडले, “अगं ए, बघ बघ, दूध तेवढं प्यायला गं! पाणी तसंच ठेवलंय!”