उठताना पाहावं

मुमताजनं शमशेरभाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड तिला दिसलंच नाही. दिसले ते गुडघे. बेलापूरला तिच्या वडिलांच्या गोठ्यात एक परका तरुण बैलाच्या पुढच्या पायांशी उकिडवा बसला होता. टाचा जमिनीला पुऱ्या टेकलेल्या, दिवसभर असंच बस म्हटलं तरी बसेल असा. वडिलांनी तो बैल पाहण्यापुरता आणून बांधला होता, पसंत पडला तर ठेवायचा. बैल झोकात चालत होता आणि वडील खुशीत होते. तरुण मात्र सांध्यांवरून हात फिरवत एवढंच म्हणाला, की आजचं चालणं खरं धरू नका. रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी उठताना पाहा.

सकाळी बैल उठता उठेना. बाजारात नेण्याआधी कुणीतरी त्याला दुखणं दाबणारं इंजेक्शन टोचलं होतं, त्याचा अंमल रातोरात उतरला. बैल मालकाकडे परत गेला. पुढच्या वर्षी बैल पाहणाऱ्याशी मुमताजचा निकाह लागला आणि ती घोडेगावला आली.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात शमशेरभाईंची उमर दलालीत गेली. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की पाथर्डीकडची माणसं बैल घ्यायला येत, आणि श्रीगोंद्याच्या साखर फॅक्टरीपर्यंत भरली गाडी कोणता बैल ओढील ते भाईंना विचारत. जनावराला वाईट म्हणणं त्यांना जमत नसे. मालकाला चारचौघांत खाली बघायला लागतं, म्हणत. बैल मनास आला तर ते त्याच्या वशिंडावर थाप मारत. नाही आला तर हात झटकून उठत आणि मालकाला मायेनं विचारत, "पोरं काय करत्यात?" की बाजारानं समजावं, हा सौदा होत नाही. एकदा मुमताजच्या हातून कालवण खारट झालं. पहिला घास खाऊन त्यांनी तिच्या भावाच्या पोरांची चौकशी केली. ती अजून ते सांगून हसते.

साठी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. गावातल्या डॉक्टर जयाताईंनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, की सांधे झिजले आहेत. वजन उतरवा, व्यायाम करा, साखर सांभाळा, गोळी फार दुखलं तरच घ्या. व्यायाम म्हणजे उताणं पडून एकेक पाय वर धरायचा. भाईंना ती फजितीच वाटली. जनावर चारी पाय वर करून पडलं तर कोण घेईल ते, असं म्हणून त्यांनी तो प्रकार सोडून दिला. मुमताज निर्गुडीच्या पाल्याचं तेल करून रोज चोळून द्यायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण खुरांशी बसता येईना, आणि मशिदीत इतर लोक सजद्यात कपाळ जमिनीला टेकत तेव्हा भाईंना मागच्या ओळीत खुर्चीवर नुसती मान झुकवावी लागे. मशिदीतून येताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

बाजाराच्या कडेला कानिफनाथ नावाचा जडीबुटीवाला बसायचा. जुना माणूस, भाईंचा चहाचा सोबती. त्यानं आखाडात एक चूर्ण दिलं. कागदाच्या पुड्या, वर ना बनवणाराचं नाव, ना आत काय आहे त्याचा पत्ता. शुद्ध झाडपाला आहे, बाधायचा प्रश्नच नाही, असं तो म्हणाला. चार दिवस झाले नसतील, पहाटे मुमताजनं पाहिलं तर भाई घरात चटईवर सजद्यात होते, कपाळ जमिनीला टेकलेलं. ती दारातच थांबली. डोळे पुसून मग चहा ठेवला. पुढं पुड्या संपत आल्या की तीच आठवण करून द्यायला लागली.

मग चेहरा भरला. लोक म्हणाले, भाईंची तब्येत सुधारली. भूक वाढली, जादा भाकरी जायला लागली. रात्री झोप नसायची, तहान तहान व्हायची, पावलं सुजायची. मुमताजला हे दिसत होतं. पण ते चूर्ण काढून घ्यायचं म्हणजे ती चटईवरची पहाट काढून घ्यायची, आणि तेवढं तिचं मन धजत नव्हतं.

दिवाळीच्या आधी सहादेव आला. तो ऊसतोडणी टोळीचा मुकादम, भाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं बाजारात एक बैल हेरला होता. मागच्या बाजारी लंगडत होता, आता घोड्यासारखा पळतोय, मालक म्हणतो नवा खुराक चालू केलाय. भाई बशीतला चहा संपवून म्हणाले, "सहादेवा, खुराकानं ताकद येती. लंगडं असं आठवड्यात सरळ व्हत न्हाई. बांधून ठेव अन् उठताना बघ."

मुमताज कपबशा उचलत होती. तिचा हात थांबला.

"रुमानाचे अब्बा," लेकीच्या नावानं हाक मारत ती म्हणाली, "मग तुमाला कुनी बांधून ठिवायचं?"

सहादेव हसला, आणि भाईंकडे पाहून टोपी सारखी करायला लागला.

"मी काय बैल हाय व्हय?" भाई म्हणाले. "अन् ते इंजेक्शन न्हाई. झाडपाला हाय."

"त्यो मालक बी खुराकच म्हनतोय. बैल आसता तर तुमी घेतला आसता का, तेवढं सांगा."

सहादेव निघताना भाईंनी त्याला विचारलं, "पोरं काय करत्यात?" आणि स्वतःच ओशाळले.

पण बोलणं त्यांना लागलं होतं. कुणाला न सांगता त्यांनी पुड्या बंद केल्या. उमरभर बैलांची परीक्षा जशी घेतली तशीच स्वतःची घ्यायची ठरवली: औषध उतरू द्यायचं आणि उठताना पाहायचं. चूक झाली ती इथं. दुसऱ्या सकाळी गुडघे पहिल्यापेक्षा वाईट ठणकत होते. तिसऱ्या सकाळी उभं राहताच त्यांना अंधारी आली, उलटी झाली, अंगाला घाम सुटला. मुमताजनं उरलेल्या पुड्या पदरात बांधल्या आणि रिक्षानं त्यांना जयाताईंकडे नेलं.

साखर भलतीच चढली होती आणि रक्तदाब उतरला होता. सलाईन लावून, भाई जरा सावरल्यावर जयाताई म्हणाल्या, की या गोल झालेल्या चेहऱ्यावरून आणि बाकी लक्षणांवरून या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. नक्की काय ते तपासणीतच कळेल, पुड्या मी पाठवते. असं औषध महिनोन् महिने घेतलं की शरीर स्वतःचं तयार करायचं थांबवतं. मग ते एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवत न्यायचं असतं.

"चाचा, शंका बरोबर होती तुमची," त्या म्हणाल्या. "पण परीक्षा माझ्याकडे येऊन द्यायची होती."

मुमताजनं भीत भीत विचारलं, की मग तिचं निर्गुडीचं तेलही वाईटच का. जयाताई म्हणाल्या, नाही. वरून चोळा, कातडीला त्रास नसेल तोवर. पोटात घ्यायच्या काही वनस्पतींनीही कुणाकुणाला थोडाफार उतार पडतो, पण सावकाश, आणि झिजलेला सांधा पुन्हा भरून येत नाही. झाडपाल्याचं आहे म्हणून ते बाधत नाही असंही नाही. काही यकृताला सोसत नाही, काहींचं साखरेच्या गोळीशी जमत नाही. बनवणारा कोण, आत काय आणि किती, हे पुडीवर नसेल तर घेऊ नका. आणि चार दिवसांत चमत्कार दिसला, तर खूष होण्याआधी मला दाखवा.

बरं वाटल्यावर भाई काठी टेकत कानिफनाथकडे गेले. मुमताज बरोबर होती. तिला वाटलं, आता भांडण होणार. भाईंनी काय काय झालं ते हळू आवाजात सांगितलं. कानिफनाथ म्हणाला, तो चूर्ण बनवत नाही, तयार आणतो, कमरेसाठी स्वतः रोज घेतो. भाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कानिफा, पोरं काय करत्यात?"

त्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही. त्यानं पुड्या गोळा करून पिशवीत भरल्या. पण भाई तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या मनानं बंद करू नको, माझं काय झालं ते ऐकलंस ना, असं म्हणून ते त्याला धरून जयाताईंकडे घेऊन गेले. दोघं म्हातारे एकाच बाकावर बसून नंबर लागायची वाट पाहत राहिले. मुमताज समोर उभी होती. दोघांचेही चेहरे सारखेच गोल दिसत होते.

चूर्णाऐवजी जयाताईंनी मोजून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू उतरवत थांबवल्या. भाईंचा चेहरा पहिल्यासारखा लांबोडका झाला, साखर आटोक्यात आली. गुडघे आहेत तसे आहेत. मुमताज समोर बसून रोज त्यांना व्यायाम करायला लावते, आणि उताणे पडून ते तिच्या भावाच्या पोरांची चौकशी करतात. मशिदीत मागच्या ओळीतली खुर्ची त्यांचीच आहे. बाजाराच्या दिवशी ते लिंबाखाली दुसऱ्या एका खुर्चीवर बसतात, आणि लोक बैल चालवत त्यांच्यापुढे आणतात.