बॅटरीखात्यातल्या माणसाची नात

२००५-०६च्या सुमारास मी लंडनजवळ क्रॉयडनच्या एका कंपनीत नोकरी करत होते. कंपनी म्हणजे पाच टेबलं, एक कॉफी मशीन आणि बॉस. गाडी एकच, छोटी, इलेक्ट्रिक, तीही दुसऱ्यांकडून बनवून आणलेली. नाव मात्र बॉसने विकत घेतलं होतं. शंभर वर्षांपूर्वी आधी विजेच्या आणि मग पेट्रोलच्या गाड्या बनवणाऱ्या, कधीच बंद पडलेल्या एका कारखान्याचं.

“त्या सुरुवातीच्या काळावर पुस्तिका लिही,” बॉस म्हणाला. “आपण पहिल्यापासून विजेशी एकनिष्ठ आहोत, हे ठसलं पाहिजे.”

आपण! हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वीपर्यंत फिटेड किचन्स विकत होता.

मी लीड्सला गेले. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक रिटायर्ड नर्स राहत होत्या. त्यांचे आजोबा त्या जुन्या कारखान्यात बॅटरीखात्यात होते.

“त्यांच्या हातांवर ॲसिडचे डाग होते,” त्या म्हणाल्या. “विजेच्या गाड्या डॉक्टर आणि श्रीमंत बायका घ्यायच्या. पेट्रोलच्या गाड्या खपायला लागल्या आणि मालकाने एका सकाळी बॅटरीखात्याला कुलूप ठोकलं. पुढे आजोबांना परत घेतलं, ते पेट्रोलच्या गाड्या धुवायला.”

मी हे सगळं लिहिलं. बॉसने तेवढ्या पानावर काट मारली. “हा म्हातारा फार डिप्रेसिंग आहे. काढून टाक.”

मी काढला. माझं वर्क परमिट त्याच कंपनीचं होतं, असं मी स्वतःला समजावलं. बॉसइतकीच मीही त्या दिवशी बेशरम होते.

गाडीच्या लाँचला बॉसने त्या बाईंना फोटोपुरतं बोलावलं. निळा कोट घालून त्या गाडीत बसल्या. बॉस पत्रकारांना म्हणाला, “यांच्या आजोबांनी आमच्या पहिल्या गाड्या घडवल्या!”

बाईंनी माइक ओढून घेतला. “घडवल्या, आणि मग त्यांना हाकलून दिलं. पुस्तिकेत ते का नाही?”

बॉस मोठ्याने हसला, टाळ्या वाजवल्या आणि लंच तयार असल्याचं जाहीर केलं. पत्रकार सँडविचेसकडे वळले. त्यांना प्रश्न विचारायचे होते, पण आधी पोटोबा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू तर सगळं लिहून घेतलं होतंस ना?”

“हो,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा गाडीतला फोटो आला. खाली हिरव्या भविष्याबद्दल दोन ओळी. त्यांचं वाक्य कुठेच नाही.

मी काट मारलेलं पान टाइप करून त्यांना पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं: “आजोबांचं आडनाव चुकलंय.” खाली पेन्सिलने बरोबर स्पेलिंग. एवढंच.

कंपनी दीड वर्षात बंद पडली. बॉस नंतर सोलर पॅनेल विकायला लागला. तिथेही त्याने सूर्याशी घराण्याचं जुनं नातं लावलंच असेल.