डोंगर नसलेल्या गावातले दोन डोंगर

तंबाकहार्जो गावात डोंगर औषधालासुद्धा नव्हता. पुढं जावा बेटाचा समुद्र, मागं माशांची तळी, आणि भरती आली की पाणी सरळ घरात. शाळेची जमीन तीनदा भर टाकून उचललेली, त्यामुळं खिडक्या गुडघ्याला आल्या होत्या आणि उंच माणूस दारातनं वाकून जायचा.

त्या शाळेत विनार्ती चित्रकला शिकवायला आली. आली म्हणजे अजून शिकाऊच. तीन महिने वर्ग घ्यायचा, शेवटी कॉलेजचे साहेब एक तास बघणार, त्यांनी सही केली तरच ती मास्तरीण. नाहीतर आई घरी मासळी खारवायला बसवायला टपलेली होतीच.

पहिल्या तासाला तिनं पोरांना सांगितलं, "आपलं गाव काढा." एकतीस कागद आले. एकतीसही कागदांवर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली रस्ता, दोन्ही अंगांना भातशेती.

"आपल्या गावात डोंगर कुठाय गं?" तिनं पुढच्या बाकावरच्या श्रीयातुनला विचारलं.

"गावात न्हाई, बू. चित्रात असतोय." बाईंना तिथं बू म्हणत.

"मग गावात हाय ते काढ की."

"ते कशाला? ते तर दिसतंयच."

वर्ग हसला. मागं बसलेल्या जुन्या बाई, बू कस्मिनी, त्याही हसल्या. सव्वीस वर्षं त्यांनी या दोन डोंगरांना दहापैकी आठ गुण दिले होते. रस्ता सरळ असला तर नऊ.

दुसऱ्या तासाला विनार्तीनं फर्मान काढलं, डोंगर बंद. पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि तिच्याकडं बघत बसली. मग तीच खडू घेऊन फळ्याकडं वळली. तोंड चालू, हात चालू. मागं खसखस पिकली. मागं सरून बघते, तर फळ्यावर दोन कुबडं उभी आणि मधे गोल सूर्य. लहानपणी गिरवलेलं हात विसरतोय होय?

"पोरी," चहा पिताना बू कस्मिनी म्हणाल्या, "काढू दे त्यांना डोंगर. सही घे आन् सूट. डोंगरानं कुणाचं वाईट केलंय?"

"माझंच केलंय, बू. चार वर्षं शिकले, तरी हातातनं तेच निघालं."

"मग हात तोडतीस का?"

"हात राहू दे. डोळं कामाला लावते."

पुढच्या तासाला तिनं कागद वाटलेच नाहीत. विचारलं, "काल भरतीला घरात काय काय उचलून ठेवलं?" कुणी गादी म्हणालं, कुणी कोंबड्या. श्रीयातुन म्हणाली, "आमचा आज्जा टेबलावर चढला आन् उतरंना."

"कसा बसलावता?"

श्रीयातुन बाकावर चढून उकिडवी बसली, गाल फुगवून.

"आता तस्साच काढ."

त्या दिवशी पाच कागदांवर डोंगर नव्हता. पंधरा दिवसांनी अकरा. विनार्तीनं कागद एकही फाडला नाही. प्रत्येकाला एकच विचारायची, "हे तू बघितलंस?"

तपासणीच्या दिवशी कॉलेजातनं पाक हेंडार्तो आले; पाक म्हणजे तिकडचं साहेब. डोंगराळ भागातल्या शहरातले साहेब, पायात चकचकीत बूट. पाव तास झाला नाही तोच दारातनं पाणी आत आलं. पोरांनी सवयीनं दप्तरं वर घेतली, पाय बाकावर घेतले. साहेब खुर्चीवर चढले, बूट छातीशी धरून. बू कस्मिनींनी खुणावलं, वर्ग सोड. विनार्ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. आज वर्ग सुटला तर सहीही गेली.

"कुणी उठायचं न्हाई," ती म्हणाली. "समोर दिसतंय ते काढा."

समोर साहेब होते.

कागद गोळा झाले तशी बू कस्मिनींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी श्रीयातुनचा कागद बराच वेळ धरला.

"माझं पोट एवढं आहे?"

"उभ्यानं एवढं. बसल्यावर जास्त," श्रीयातुन म्हणाली.

"आणि कोपऱ्यात हे दोन डोंगर? हे तू बघितलेस?"

विनार्तीचाच प्रश्न तिच्यावर उलटला होता.

"न्हाई, पाक. पर तुमी तिकडनं आला न्हवं? तिथं बूट कोरडं ऱ्हात असतील."

साहेब खाली उतरले, पाण्यातनं चालत गेले, गुडघ्याएवढ्या खिडकीच्या कट्ट्यावर तपासणीचा कागद ठेवला आणि वाकून सही केली.

बू कस्मिनी एकतीस कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. एकावरही सरळ रस्ता नव्हता.

"जायच्या आधी एवढं सांग बाई," त्या विनार्तीला म्हणाल्या, "आता गुण कशावर द्यायचं?"